दात्यांच्या घराची वरची खिडकी

शरद, तुझा कॉम्प्रेसर भर दुपारी आपोआप सुरू झाला.

तुझ्या तेराव्याला आलेले पाहुणे आदल्या दिवशीच पांगले होते. घरात वहिनी एकट्याच. जेवून जरा आडव्या झाल्या होत्या, तेवढ्यात तुझ्या खोलीतून घरघर सुरू झाली. थोडा वेळ चालली आणि थांबली. तू रंग मारायला बसलास की सगळ्या घराला ऐकू यायची, तीच ती घरघर. त्यांनी मला साताऱ्याला फोन लावला. रडत नव्हत्या. अगदी रोजच्या आवाजात म्हणाल्या, "भाऊजी, ते आत बसलेत बहुतेक. चहा टाकू की नको, ते कळेना."

मी त्यांना समजावून सांगितलं. म्हटलं, टाकीत हवा भरलेली असते, नळीच्या जोडातून ती थोडी थोडी गळते. दाब उतरला की मोटर स्वतःच सुरू होते, टाकी भरली की बंद पडते. त्या दिवशी तू खोलीतून उठलास तो बटण चालू ठेवूनच. पुन्हा आत यायला तुला मिळालं नाही. तेव्हापासून ते यंत्र असंच अधूनमधून सुरू होत असणार. घरात माणसं होती, बोलणं होतं, रडणं होतं, कुणाला ऐकू गेलं नाही. माझ्या सांगण्यात काही चूक नव्हती. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "असेल तसं. पण तुम्ही येऊन बंद करा. मी आत जाणार नाही. ती खिडकी आहे आत."

कुठली खिडकी, ते मला विचारावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं सांगलीला आलो. तुझ्या खोलीत तू नसताना मी कधी गेलोच नव्हतो, हे दार ढकलल्यावर लक्षात आलं. एअरब्रश, तुझी रंग फवारायची ती पेनाएवढी नळी, स्टँडवर तशीच होती. त्याच्या कपात तळाशी रंग वाळून चिकटला होता, फिकट हिरवा, साबणाच्या शेवटच्या चिपेसारखा. रंग कपात वाळू द्यायचा नाही, हे तू मला इतक्या वेळा बजावलं होतंस की माझा हात आपोआप कपाकडेच गेला. आधी बटण बंद केलं, टाकीतली हवा सोडली, आणि मग तुझ्याच टेबलाशी बसून तुझा एअरब्रश उघडला. सुई बाहेर काढली. नोझल थिनरमध्ये भिजत टाकलं. मी आत बसलोय हे कळल्यावर वहिनी दारापर्यंत आल्या, पण उंबरा ओलांडला नाही. तिथूनच विचारलं, "धुताय?"

"हो."

"बरं झालं. ते म्हणाले होते, सुधीर आला की त्याला धुवायला लावतो."

ते तू खरंच म्हणाला होतास की वहिनींना तसं वाटलं, हे मी विचारलं नाही.

शरद, आपण दोघं पन्नाशी ओलांडलेले. मी चष्म्याचं दुकान चालवणारा, तू सरकारी कचेरीत नकाशे काढून निवृत्त झालेला. आपल्याला एकत्र आणलं ते पोरासोरांचा वाटावा अशा एका छंदानं, छोटी मॉडेल्स बनवण्याच्या. साताऱ्यातल्या प्रदर्शनात तुझी लाल बस ठेवली होती, टपावर कोंबड्यांची डालगी, मागच्या काचेवर चिखलाचे शिंतोडे. मी विचारलं होतं, "चिखल कुठला वापरलात?" तू म्हणालास, "रंग आहे तो. पातळ केलाय." मग तू मला तासभर पातळ करणं म्हणजे काय ते सांगत बसलास आणि तुझी सांगलीला परतायची बस चुकली.

"दुधासारखा झाला पाहिजे," तू म्हणायचास.

"कसलं दूध? म्हशीचं की पिशवीचं?"

"पिशवीच्या दुधात पाहुणे आले म्हणून बायकोनं पाणी घातलं, की होतं ते."

मी अल्कोहोलचा थिनर वापरायचो, तो झटकन सुकतो म्हणून. तू बॅटरीत घालायचं पाणी आणायचास आणि त्यात ग्लिसरीनचा एक थेंब टाकायचास. सांगलीच्या उन्हाळ्यात रंग सुईच्या टोकावरच सुकतो, तो एक थेंब त्याला ओला ठेवतो, असं तुझं म्हणणं. जास्त पाणी झालं आणि ब्रश जवळ नेला, तर रंग कोळ्याच्या पायांसारखा चहूकडे पळतो. ब्रश लांब धरला तर थेंब हवेतच वाळतात आणि प्लॅस्टिकवर नुसती भुकटी बसते. तुझा नियम एकच. पहिल्या हातात काहीच दिसता कामा नये. दुसऱ्यातही नाही. नळी हातात धरून आपण वेड्यासारखी हवा मारतोय असं वाटलं पाहिजे. मग कधीतरी, कुठला हात ते सांगता येत नाही, रंग तिथे असतो.

"कधी आला ते कळत नाही," तू म्हणायचास. "पण आला की मग गेला असं म्हणता येत नाही."

मला तेव्हा हे फक्त रंगाचं बोलणं वाटायचं.

कृष्णेला तो मोठा पूर आला तेव्हा मी तुझ्याकडेच होतो. रविवार धरून दोन दिवस काम करू म्हणून आलो होतो आणि अडकलो. वहिनींना तू आधीच मिरजेला त्यांच्या बहिणीकडे धाडलं होतंस. आपण दोघं मागे राहिलो ते तुझी मॉडेल्स माळ्यावर चढवायला. कृष्णा दारात आली, मग जिन्यात आली, मग आपण गॅलरीत उभे राहून गल्लीत बोट येण्याची वाट बघू लागलो. पाणी तांबडं, जाड, आणि त्याला आवाज असा नव्हताच. त्या शांततेची मला सगळ्यात जास्त भीती वाटली होती. गल्लीतली सगळी घरं ओळखीची, पण अर्धीच. दारं नाहीत, ओटे नाहीत, नुसत्या वरच्या खिडक्या पाण्यावर ठेवल्यासारख्या.

दुपारी बोट आली. मी पुढे बसलो, मांडीवर तुझ्या एअरब्रशची पेटी. तू मागे, बोट चालवणाऱ्याच्या शेजारी. पाऊस लागलेलाच होता. गल्लीच्या वळणावर दात्यांचं घर. आपण त्याच्या समोरून पुढे गेलो आणि मागून तुझा आवाज आला.

"थांबवा. वर बाई आहे."

बोटवाला म्हणाला, "त्या घरात कोन न्हाई, सायेब. कवाच गेलीत सगळी."

"खिडकीत उभी आहे. बघा ना."

मी वळून पाहिलं. वरची खिडकी बंद होती. काच पांढरी. तिच्यात काहीच नव्हतं.

"शरद, कुणी नाहीये रे," मी म्हणालो.

पाण्याची ओढ इतकी होती की बोट तिथे उभी करणं शक्य नव्हतं. आपण वाहत गेल्यासारखे काठाला लागलो. मी पेटी घेऊन टेंपोकडे गेलो, तू मागून बऱ्याच वेळानं आलास आणि मिरजेपर्यंत मागे पाण्याकडेच बघत राहिलास. रात्री तुला ताप भरला. तापात तू माझ्या मनगटाला धरून एवढंच विचारलंस, "तिनं हाका का नाही मारल्या?"

पाणी उतरल्यावर तू आधी त्या घराकडे गेलास. घराला बाहेरून कुलूप. गल्लीत विचारलंस, दातेकाका मुलाकडे पुण्याला होते, घरात कुणी नव्हतं, कुणी गेलं नाही, कुणी सापडलं नाही. पुण्याला फोन लावून त्यांनाही विचारलंस. समोरच्या वरच्या खोलीत कुणी होतं का? ते म्हणाले, ती खोली कायम बंद असते. इतकं झाल्यावर दुसरा कुणीही हा विषय सोडला असता.

तू गल्लीचं मॉडेल करायला घेतलंस.

आधी मला वाटलं, माणूस मन रमवतोय. तू घरं मापून घेतलीस, भिंतीवर राहिलेली पाण्याची रेघ मापलीस, विजेचे खांब, पत्र्याची छपरं, सगळं. माणूस बोटाच्या दोन पेरांएवढा येईल अशा मापात आख्खी गल्ली उभी केलीस आणि तिच्यात ते तांबडं पाणी भरलंस. पाण्याला तू रंगाचे किती हात दिलेस देव जाणे. वरून चकचकीत वार्निश. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा टेबलापासून मागे सरकलो होतो, आठवतं? तू हसला नाहीस.

आणि मग ती खिडकी. तिच्यावरून आपण इतकी वर्षं भांडलो. मी म्हणायचो, ती साडी असेल, दोरीवर वाळत राहिलेली. तू म्हणायचास, साडी मान वळवत नाही. मी म्हणायचो, मी चष्मेवाला आहे, काचेवर काय दिसतं आणि काचेतून काय दिसतं यातला फरक मी रोज लोकांना समजावतो. तू म्हणायचास, "मग मला समजाव ना. ती माझ्याकडे बघत होती, हे काचेवर कसं दिसतं?" एकदा तू म्हणालास, ती घाबरलेली नव्हती, सुधीर. काहीतरी सांगायचं असलं की माणूस जसं आपण बोलायचं थांबेपर्यंत वाट बघतं, तशी उभी होती. त्यावर मी विषय बदलला. भारत जिंकला की हरला असं काहीतरी विचारलं.

तिच्या साडीचा रंग तुला सापडत नव्हता. पोपटी, पण धुऊन धुऊन गेलेला. एका कार्डावर रंगाचे ओले ठिपके घेऊन तू कापडपेठेत फिरायचास. सापडला तरी तुझं समाधान नव्हतं, कारण खरा रंग लहान वस्तूला दिला की भडक दिसतो. "आपल्यात आणि तिच्यात जी हवा होती, तिचाही रंग द्यावा लागतो," तू म्हणायचास. "पाऊस होता, त्याचाही." मारायचास, अल्कोहोलनं पुसायचास, पुन्हा मारायचास. मला वाटायचं, खिडकीत उभी करायची छोटी बाहुली तू रंगवतोयस. ती मला कधी दाखवली नाहीस. "झाली की बोलावतो," एवढंच.

बोलावलं नाहीस. मीच आलो, आणि तू नव्हतास.

एअरब्रश धुऊन झाला तेव्हा वहिनी दारातच बसल्या होत्या. मी मॉडेलवरचं फडकं काढलं. त्यांनी मान फिरवली. म्हणाल्या, "बाई आहे का अजून?"

मी वाकून पाहिलं. दात्यांच्या घराच्या वरच्या खिडकीत बाहुली नव्हती. खोली रिकामी, आत काळा रंग. काचेच्या जागी लावलेल्या पारदर्शक तुकड्यावर थोडा हिरवट धूर असल्यासारखं दिसत होतं, बस. मी म्हणालो, "वहिनी, इथे कुणीच नाही. शरदनं बाई केलीच नाही."

त्या म्हणाल्या, "असं उभ्यानं दिसत नाही. मी फरशी पुसायला खाली बसले होते तेव्हा दिसली."

पाण्यात एक बोट होती, तिच्यात तीन माणसं. पुढे मांडीवर पेटी घेतलेला मी. मागे बोटवाला आणि तू. मी गुडघ्यावर बसलो आणि टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवून माझ्या त्या इवल्या डोक्यामागून खिडकीकडे पाहिलं. काच पांढरी. वरच्या ट्यूबलाइटचा उजेड तिच्यावर पडला होता. त्या दिवशी काचेवर आभाळाचा उजेड पडला होता तसाच.

मग मी सरकलो आणि तुझ्या डोक्यामागून पाहिलं.

शरद, ती उभी होती. तू तिला काचेवरच रंगवलं होतंस, नुसत्या फवाऱ्यानं, कुठेही कडा न धरता. रेघ नव्हती, डोळे नव्हते, एकावर एक दिलेले न दिसणारे हात फक्त. तरी पदर होता. मान जराशी कलती होती. आणि ती माझ्याकडे बघत होती. तिला चेहरा दिलेला नाही हे मला स्वच्छ कळत होतं, आणि तरीही बघत होती. मी तिथे किती वेळ होतो सांगता येणार नाही. उठलो तेव्हा गुडघे आखडले होते आणि वहिनी दारातून उठून गेल्या होत्या.

म्हणजे तू मागे बसून जे पाहिलंस ते मला पुढून दिसणं शक्यच नव्हतं. इतकी वर्षं आपण दोन वेगळ्या खिडक्यांवरून भांडत होतो. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही, कारण याचा अर्थ तिथे खरंच बाई होती आणि आपण तिला सोडून आलो होतो.

त्याच दुपारी मी दात्यांकडे गेलो. कुलूप नव्हतं. दातेकाका नुकतेच कायमचे परत आलेत, तुझी गाठ थोडक्यात हुकली. पडवीत पेपर वाचत होते. मी तुझं नाव सांगितलं, तर ते हळहळले, आणि मग मी काय विचारायला आलोय ते ऐकून थोडे वैतागले.

"त्यांनाही मी तेव्हाच फोनवर सांगितलं होतं. ती खोली बंद असते. या, बघून घ्या."

जिना चढून वर नेलं. कुलूप काढलं. आत भंगार, गाद्यांच्या वळकट्या, आणि समोर खिडकीला पाठ लावून भिंतीएवढं सागवानी कपाट. खिडकी आतून दिसतसुद्धा नव्हती. कपाटाच्या कडेनं थोडा उजेड येत होता तेवढाच.

"हे पुराच्या वेळी इथेच होतं?"

"माझ्या वडिलांनी ठेवलंय. त्याला हलवायला चार माणसं लागतील. ते हललं नाही म्हणून तर आम्ही ही खोली वापरत नाही."

मी कपाट आणि खिडकी यांच्यामध्ये हात घालून पाहिला. मनगटापाशीच अडकला. तिथे बाई काय, मांजर उभं राहिलं नसतं. आणि बाहेरून दिसली असती तर कपाटाची पाठ, ती कत्थई होती.

मी मनगटाची धूळ झटकत उभा राहिलो, तेव्हा काकांना माझी दया आली असावी. म्हणाले, "घरात अगदीच कुणी नव्हतं असं नाही हो. वरच मागच्या खोलीत भाडेकरू होती. नर्स. नुकतीच आली होती, गल्लीत कुणाला ठाऊकही नव्हतं. मला वाटलं होतं ती गावी गेली. तिला मागच्या गच्चीवरून बोटवाल्यांनी काढलं म्हणे. नंतर ती आली नाही, सामान भावानं नेलं. मला हे सगळं फार उशिरा कळलं. सध्या तुमच्या साताऱ्यातच आहे, ईदला फोन करते."

"तिला काढायला बोट कुणी पाठवली?"

"ते तिलाच विचारा."

तिचं नाव शबाना. आटपाडीकडची. एका लहानशा दवाखान्यात नोकरी करते. मी फोनवर सगळं सांगितलं नाही, पुराबद्दल बोलायचंय एवढंच म्हणालो. ती ड्यूटी संपवून माझ्या दुकानात आली, गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली, आणि आरशांच्या मध्ये बसून तिनं मला तिची दुपार सांगितली. ती जशी बोलली तसंच सांगतो.

"आवं काका, आमच्या आटपाडीला पानी टँकरनं येतं. मला पूर काय ठावं? रातपाळी करून आले, खालच्या पायरीला पानी हुतं. म्हटलं येईल आन जाईल. दार लावलं आन झोपले. जाग आली तवा पानी खोलीत शिरल्यालं. जिना सगळा बुडालेला. मागच्या गच्चीवर गेले, तर समोर नुसती नदीच. लय वरडले. त्या बाजूला ऐकायला हाय कोन?"

"मग बोट?"

"बोट पुढनं आली. मला इंजिनाचा आवाज आला. ते पुढच्या बाजूला हाका मारत हुते, ताई, ताई म्हणून. पुढं कोन नव्हतंच, ते परत निघाले. मी मागनं वरडले तवा त्यांनी कंपाउंडातनं बोट आत घातली. मला घेतलं आन एक जन म्हनला, तुमी पुढच्या खिडकीत हुता न्हवं? म्हटलं, न्हाई, मी हितंच हाय. तर तो म्हनला, काठावर चष्मा लावल्याला एक मानूस हाय. त्यानं बोटीची दोरी हाताला गुंडाळून घेतली आन सोडंचना. म्हनतो, वरच्या खिडकीत बाई हाय, तिला आना, मगच सोडतो. दुसरीकडं जायचं हुतं आमाला, पर त्यानं काय जाऊ दिलं न्हाई."

हे तू मला कधी सांगितलं नाहीस, शरद. मी टेंपोत पेटी ठेवत होतो. तू उशिरा आलास तो हे करून आला होतास. मला सांगितलं असतंस तर मी काय म्हणालो असतो, ते तुला माहीत होतं, म्हणूनच सांगितलं नसावंस.

ते दुसऱ्या बोटीचे लोक बाहेरगावचे, मदतीला आलेले. पाण्याच्या ओढीनं त्यांनी तिला पार दुसऱ्या टोकाला उतरवलं. तिथून ती भावाबरोबर आटपाडीला गेली, ते बोटवाले त्यांच्या गावाला गेले. तू काठावर वाट बघत राहिलास, आणि तुझ्याकडे उत्तर घेऊन कुणी आलंच नाही.

मी तिला मग बाकीचं सांगितलं. खिडकी, कपाट, साडीचा रंग. वाटलं, हसेल. ती हसली नाही. पर्स मांडीवर घट्ट धरून बसली.

"तुमाला एक सांगू का," ती म्हणाली. "मी आईशिवाय कुनाला सांगितलं न्हाई. मला जाग कशी आली म्हनता? पान्यानं न्हाई. माझी झोप लय जड हाय. माझी खोली आन ती पुढची बंद खोली, मधी एक दार हाय. त्या दारावर थाप पडली. पलीकडनं. मला वाटलं दातेकाकू आल्या. मी झोपेतच म्हटलं, आले, आले. परत थाप पडली, जोरात. मी उठले, पाय खाली सोडला, तर पान्यात."

"दार उघडलंत?"

"कुलूप हुतं पलीकडनं. मी विचारलं, कोन हाय. कोन बोललं न्हाई. पर थाप थांबली."

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. बाहेर रस्त्यावर रिक्षा, माणसं, नेहमीचं सगळं चालू होतं. चहूबाजूंच्या आरशांत आम्ही दोघंच दिसत होतो.

दातेकाकूंबद्दल मी काकांना नंतर फोनवर विचारलं. पुराच्या दिवशी त्या पुण्यातच होत्या. आजही धडधाकट आहेत. त्यांनी पोपटी रंग जन्मात नेसला नाही म्हणे. तेव्हा तो धागाही तिथेच तुटतो, आणि मला वाटतं, तो तुटलेलाच बरा. जे नव्हतंच ते तू पाहिलंस आणि त्यामुळे होती ती बाई वाचली. याहून जास्त मला समजत नाही. आपलं भांडण आता मला पुढे नेता येणार नाही. मी तुला म्हणत आलो, तिथे कुणी नव्हतं, आणि खरंच नव्हतं. तरी जिंकलास तूच.

वहिनींना मी परवा सगळं सांगितलं. मॉडेल मी घेऊन जाऊ का विचारलं, तर नको म्हणाल्या. कपातला तोच फिकट हिरवा पुन्हा कालवून खिडकीवर मारून मी काम पुरं करू का, असंही विचारलं मी त्यांना. त्या म्हणाल्या, "राहू दे. त्यांनी थांबवलं असेल तिथेच थांबू दे." आता त्या खोलीत जाऊन बसतात. खाली फरशीवर नाही, खुर्चीवर.

शबाना जायला उठली तेव्हा तिनं मला विचारलं होतं, "ते सायेब कुटं ऱ्हातात? मला भेटायचं हाय त्यांना."

तोवर मी तिला ते सांगितलंच नव्हतं. का, ते मलाही कळत नाही. शरद म्हणतो, शरदला वाटतं, असंच मी बोलत होतो बहुतेक. आता सांगितलं. ती पुन्हा खुर्चीत बसली. थोड्या वेळानं रुमालानं तोंड पुसलं, उठली, पर्स खांद्याला लावली.

दारापाशी थांबून म्हणाली, "त्यांना एवढं सांगा, मी सुखरूप पोचले."

काय बोलून गेली ते तिच्या ध्यानात आलं आणि ती कावरीबावरी होऊन माझ्याकडे बघत राहिली.

मी म्हणालो, "सांगतो."

ती पोचली, शरद.